दहा सेकंदांचा निकाल, वीस मिनिटांचा खेळ

८ एप्रिल २०२३, शनिवारची रात्र. फ्लोरिडातल्या टँपा शहरात अमेरिकेच्या कॉलेज आइस हॉकीचा अंतिम सामना चालू होता. आमचं मिनेसोटा विद्यापीठ आधी २-० ने पुढे होतं आणि तिसरं सत्र संपत आलं तेव्हाही २-१ ने पुढेच होतं. घड्याळात २ मिनिटं ४७ सेकंद उरलेले असताना समोरच्या क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठाच्या कॉलिन ग्राफने बरोबरी साधली. पहिला गोल करेल तो जिंकेल असा जादा वेळ सुरू झाला, मधल्या वर्तुळात पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, पडला आणि दहाव्या सेकंदाला जेकब क्विलनने तो गोलात सरकवला. ३-२. आमच्या घरी जमलेल्या सात-आठ जणांपैकी निम्मे अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते. सुट्टीत चहा ठेवायला गेलेली माझी बायको कप घेऊन बाहेर आली, तेव्हा पडद्यावर दुसऱ्याच संघाची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या घेत होती.

सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये पंचनामा सुरू झाला. या पोरांत जिगरच नाही. डोळे सगळे एनएचएल या व्यावसायिक लीगच्या करारावर, विद्यापीठाच्या नावासाठी कोण जीव टाकणार? कोचला मोठा सामना जिंकता येत नाही. अनुभवापुढे नुसती गुणवत्ता चालत नाही. तेव्हापासून दर वसंतात, मिनेसोटा हरलं की हीच चार वाक्यं मी ऐकतो. बॉस्टन कॉलेज हरलं की तिकडचे लोक हीच बोलतात, सेंट क्लाउड हरलं की तिकडचे. शहरं बदलतात, निदान बदलत नाही. या चर्चेची मला मनापासून चीड येते आणि तिचं कारण संघावरचं प्रेम हेच आहे. माझं म्हणणं असं, की एका सामन्याच्या निकालावरून माणसांचा स्वभाव आणि कोचची लायकी ठरवणं हे विश्लेषण नव्हे. निकाल कळायच्या आधी जे दिसत होतं, जे ठरवलं गेलं, जे केलं गेलं, त्याचा हिशेब मांडणं म्हणजे विश्लेषण. पहिल्या प्रकारात मन मोकळं होतं, पण पुढच्या वर्षी उपयोगी पडेल असं त्यातून काही हाती लागत नाही.

आधी साधं गणित पाहू. राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ असतात आणि एक सामना हरला की संघ घरी जातो. विजेतेपदासाठी ओळीने चार सामने जिंकावे लागतात. समजा एखादा संघ इतका बलाढ्य आहे, की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता सत्तर टक्के आहे. चारही जिंकण्याची शक्यता मग किती? ०.७ चा चार वेळा गुणाकार करा, उत्तर येतं सुमारे २४ टक्के. म्हणजे निर्विवाद सर्वोत्तम संघसुद्धा चारपैकी तीन वर्षं रडतच घरी यायचा. एनएचएलमध्ये सातपैकी चार सामने जिंकायचे असतात, तिथे एखादी वाईट रात्र भरून काढता येते. इथे ती सोय नाही. त्यात हा खेळ असा, की साठ मिनिटांत दोन्हीकडून मिळून पाच-सहा गोल होतात आणि त्यातला एखादा कुणाच्या तरी बुटाला लागून वळलेला असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण वर्षभर कावळ्याच्या वजनावर चर्चा करतो.

पण समोरच्या बाजूचं म्हणणं पोकळ नाही. त्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा असा: एकदा हरणं योगायोग असेल, पुन्हापुन्हा हरणं हा योगायोग कसा? मिनेसोटाने शेवटचं विजेतेपद २००३ मध्ये जिंकलं. २०१४ च्या अंतिम सामन्यात युनियन कॉलेजकडून ७-४ ने मार खाल्ला. खेळाडूंना तेव्हा क्रीडा-शिष्यवृत्तीही न देणारं ते छोटं कॉलेज. २०२३ मध्ये क्विनिपिअ‍ॅक. कोच बॉब मॉट्झ्को २०१८ मध्ये सेंट क्लाउडला होते. तो संघ देशात पहिल्या क्रमांकावर असताना पहिल्याच फेरीत एअर फोर्स अकादमीकडून ४-१ ने हरला. एवढं समोर दिसत असताना गणिताची ढाल पुढे करणं म्हणजे डोळे मिटून घेणं नाही का? वर्षानुवर्षं तिकिटं काढणाऱ्या, उणे वीस तापमानात मारिउची अरेनापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे. तो मी कधीही नाकारणार नाही.

मात्र तो प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबायला हवं. मॉट्झ्को २०१८ मध्येच सेंट क्लाउड सोडून मिनेसोटात आले. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, नव्या कोचच्या हाताखाली सेंट क्लाउड पुन्हा देशात पहिलं आलं आणि पुन्हा पहिल्याच फेरीत हरलं, या वेळी अमेरिकन इंटरनॅशनल कॉलेजकडून, २-१ ने. मग दोष कोणाचा होता? कोच तर बदलला होता. त्याच नव्या कोचने, ब्रेट लार्सनने, २०२१ मध्ये सेंट क्लाउडला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. आणि ज्याला मोठा सामना जिंकता येत नाही असं म्हणतात, त्या मॉट्झ्कोच्याच हाताखाली २०१७ मध्ये अमेरिकेच्या वीस वर्षांखालच्या संघाने जागतिक सुवर्ण जिंकलं, तेही मॉन्ट्रियलमध्ये, कॅनडाच्या घरात, कॅनडालाच शूटआउटमध्ये ५-४ ने हरवून. जिंकता न येण्याचा रोग त्या रात्री कुठे गेला होता? मिनेसोटा स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाचे तेव्हाचे कोच माइक हेस्टिंग्जही असेच. २०१५ मध्ये त्यांचा संघ देशात पहिला होता आणि आरआयटी विद्यापीठाकडून पहिल्याच फेरीत २-१ ने हरला. २०२१ पर्यंत या विद्यापीठाने राष्ट्रीय स्पर्धेत एकही सामना जिंकला नव्हता. मग २०२१ मध्ये उपांत्य फेरी आणि २०२२ मध्ये अंतिम सामना. माणूस तोच होता. २०२० मध्ये त्याला काढून टाकलं असतं, तर आपण सगळ्यांनी मान डोलावली असती.

आणि क्विनिपिअ‍ॅकचे रँड पेकनॉल्ड? आज त्यांच्या थंड डोक्याचे गोडवे गायले जातात. १९९४ पासून ते तिथे कोच आहेत. सुरुवातीच्या काळात शाळेत इतिहास शिकवून ते हा संघ चालवायचे. २०१३ च्या अंतिम सामन्यात त्यांचा संघ येलकडून ४-० ने हरला. २०१६ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ डकोटाकडून ५-१ ने हरला, आणि तो सामनाही टँपातच, त्याच मैदानावर होता. दोन अंतिम सामने, दोन दारुण पराभव. आपल्या कँटीनचा नियम लावला, तर २०१६ नंतर हा माणूस निकालात निघायला हवा होता. त्याच्या विद्यापीठाने तसं केलं नाही, म्हणून २०२३ ची ती रात्र घडली.

आता गुणवत्ता आणि अनुभवाचा वाद. यात तथ्य आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. कॉलेज हॉकीत अठरा वर्षांचा मुलगा चोवीस वर्षांच्या बाप्याविरुद्ध खेळतो, कारण अनेक जण शाळा संपल्यावर दोन-तीन वर्षं ज्युनिअर लीगमध्ये काढूनच कॉलेजला येतात. अंगातली ताकद, बर्फावरचा समतोल, कुठे थांबायचं याची समज, या सगळ्यांत वयाचा फायदा होतो. २०२३ च्या आमच्या संघात लोगन कूली अठरा वर्षांचा होता, मॅथ्यू नाइज आणि ब्रॉक फेबर विशीचे. समोरचा संघ प्रौढ होता आणि वर्षभरात फक्त चार सामने हरला होता. हे आपण सोईस्कर विसरतो: आपण दुबळ्याकडून हरलो नाही, फार चांगल्या संघाकडून हरलो.

पण या तथ्यावरून कोरी पोरं कचरतात असा सिद्धांत काढणं ही वेगळीच उडी आहे. समजा ग्राफचा तो फटका खांबाला लागून परत आला असता. मिनेसोटा २-१ ने जिंकलं असतं आणि सोमवारी त्याच टेबलावर तीच माणसं म्हणाली असती, शेवटी गुणवत्ताच जिंकते. संघ तोच, वयं तीच, सत्तावन्न मिनिटांचा खेळही तोच. चार इंचांवर ज्याचा अर्थ उलटा होतो, त्याला सिद्धांत म्हणायचं? २०२४ मध्ये डेन्व्हरने बॉस्टन कॉलेजला अंतिम सामन्यात २-० ने हरवलं, तेव्हाही अनुभव जिंकला असं सांगितलं गेलं. डेन्व्हरच्या बचावाचा कणा झीव ब्युइअम हा अठरा वर्षांचा, पहिल्या वर्षाचा मुलगा होता, हे त्या मांडणीत बसत नव्हतं म्हणून गळलं. जिगरीचंही तसंच. ज्या नाइजला काळीज नाही म्हणून हिणवलं, त्यानेच ३० एप्रिल २०२४ ला एनएचएलमध्ये टोरांटोकडून बॉस्टनविरुद्धच्या पाचव्या सामन्यात, हरलं तर हंगाम संपणार अशा रात्री, जादा वेळेत गोल मारून संघ जिवंत ठेवला. एका वर्षात काळीज उगवलं का त्याला? ते आधीपासूनच होतं. टँपात त्या दहा सेकंदांत पक त्याच्याकडे आला नाही, इतकंच.

आपण मराठी माणसं या चुकीत मुरलेली आहोत, म्हणून मला ती चटकन ओळखू येते. अडीचशेहून अधिक वर्षं आपण पानिपताचा पंचनामा करतो आहोत. पराभवालाच आपण ‘पानिपत’ म्हणतो. लढाईची आणि खेळाची तुलना मरणाच्या बाबतीत होऊ शकत नाही, विचार करण्याच्या पद्धतीबाबत होऊ शकते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याच्या जोरावर निजामाला नमवलं. तेव्हा भाऊ दूरदृष्टीचे, नव्या युद्धतंत्राचे जाणकार. ११ महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ ला, तोच तोफखाना, तोच गारदी, तीच पद्धत घेऊन ते पानिपतावर उभे राहिले. दुपारपर्यंत मराठ्यांचं पारडं जड होतं असं बखरींपासून इतिहासकारांपर्यंत अनेक जण सांगतात. मग विश्वासरावांना गोळी लागली आणि संध्याकाळपर्यंत भाऊ हट्टी ठरले, गर्विष्ठ ठरले, गनिमी कावा विसरलेले ठरले. ती गोळी हातभर बाजूने गेली असती, तर याच हट्टाला आपण निर्धार म्हटलं असतं.

म्हणून भाऊंच्या चुका नव्हत्याच का? होत्या, आणि त्या गोळी सुटायच्या आधी स्पष्ट दिसत होत्या. रसद तुटली होती. छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी होती. बायका-मुलं आणि यात्रेकरू यांचा लवाजमा सैन्याच्या गळ्यात होता, आणि तो मागे ठेवा असं सूरजमल जाटासारखे लोक आधीच सांगत होते. सूरजमल निघून गेला, उत्तरेतले मित्र जोडता आले नाहीत. ही टीका गोळीवर अवलंबून नाही. लढाई जिंकली असती तरी ती खरीच राहिली असती. टीका ओळखायची माझी कसोटी हीच: निकाल उलटा लागला असता, तरी तुम्ही हे बोलला असता का?

ही कसोटी टँपाच्या सामन्याला लावून पाहा. जादा वेळेतला तो गोल आठवा. मधल्या वर्तुळातून पक मागे आला, मेट्सा आणि लिपकिनकडून पुढे धावत्या क्विलनपर्यंत पोचला, त्याने गोलरक्षक जस्टेन क्लोजला चकवलं. हा आधी बसवलेला डाव होता. चांगला डाव होता, पण हंगामभर असे डाव आपल्याही संघाने टाकलेच. त्या दहा सेकंदांवर बोट ठेवून सांगण्यासारखं फार थोडं आहे. ग्राफच्या गोलापूर्वी पेकनॉल्डनी गोलरक्षक बाहेर काढून सहावा खेळाडू उतरवला, तोही लवकर, तीन मिनिटं शिल्लक असतानाच्या सुमारास. त्या रिकाम्या गोलात आपल्या कुणी पक ढकलला असता तर पेकनॉल्ड उतावळे ठरले असते. निर्णय मात्र दोन्ही वेळा तेवढाच बरोबर असता: एका गोलाने मागे असाल तर आणखी एका गोलाने हरण्यात काहीच गमवायचं नसतं, मग शेवटच्या मिनिटाची वाट कशाला पाहायची?

आणि तरीही नशीब म्हणून हात झटकणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. ते लोक मला तितकेच आळशी वाटतात. गणित सांगून झालं की त्यांचं बोलणं संपतं आणि संघ पुढच्या वर्षी तिथेच उभा राहतो. त्या सामन्यात क्विनिपिअ‍ॅकचे गोलावर ३० फटके होते, आपले १५. देशातल्या सगळ्यात धारदार आक्रमक फळीचे साठ मिनिटांत पंधरा. याचा संबंध दहा सेकंदांशी नाही. आघाडी मिळाल्यावर आपण मागे सरकलो. तिसऱ्या सत्रात पक हाती आला की तो पुढे घेऊन जाण्याऐवजी दूर भिरकावून द्यायचा, बदली खेळाडू उतरवायचे, आणि समोरचे तो पक उचलून पुन्हा आपल्याच टोकाला आणायचे. लाट येत होती, फुटत होती, पुन्हा येत होती. अशा वेळी बरोबरी होणं हा चमत्कार नव्हता. एक वर्ष आधी, २०२२ च्या अंतिम सामन्यात, मिनेसोटा स्टेट दोन सत्रांनंतर डेन्व्हरवर १-० ने पुढे होतं आणि तिसऱ्या सत्रात पाच गोल खाऊन ५-१ ने हरलं. एका गोलाची आघाडी कुशीत धरून वीस मिनिटं बसता येत नाही, हे मिनेसोटातल्या हॉकीवाल्यांनी वर्षभरापूर्वीच पाहिलं होतं. कोचला विचारायचा प्रश्न हा आहे: तिसऱ्या सत्रात मागे सरकायचं हे ठरवलं होतं, की क्विनिपिअ‍ॅकने तुम्हाला ढकललं? ठरवलं असेल तर का? ढकललं असेल तर पक बाहेर काढायची तुमची पद्धत कुठे अडकली? मिनेसोटा २-१ ने जिंकलं असतं तरी हे प्रश्न तसेच्या तसे विचारता आले असते. कँटीनमध्ये ते कुणीही विचारले नाहीत.

वाईट विश्लेषणाची किंमत कोण मोजतं, हेही बोलायला हवं. २०१५ चा अंतिम सामना, बॉस्टन. बॉस्टन विद्यापीठ ३-२ ने पुढे, ८ मिनिटं ३६ सेकंद बाकी. प्रॉव्हिडन्सच्या टॉम पारिसीने मध्यरेषेकडून पक नुसता उंच फेकला. गोलरक्षक मॅट ओ’कॉनरने तो हातमोज्यात झेलला, खाली टाकायला गेला आणि पक त्याच्या पायांमधून घरंगळत रेषेपार गेला. ३-३. थोड्याच वेळात ब्रँडन टानेव्हने चौथा गोल केला आणि सामना गेला. त्या पराभवाचं खापर आजही ओ’कॉनरच्या डोक्यावर फुटतं. प्रॉव्हिडन्सच्या जॉन गिलीजने त्याच रात्री ४९ फटके अडवले, त्यामुळे जॅक आयकेलसारखा खेळाडू असूनही बॉस्टनला तीनच गोल करता आले, हे फार थोड्यांना आठवतं. डोळ्यांना जे दिसलं ते कारण झालं. जे एकोणपन्नास वेळा घडलं नाही, ते कुणाच्या हिशेबातच आलं नाही.

आता खेळाडूंना पैसे मिळतात, मग बोलणी खायला काय हरकत, असंही म्हणतात. खेळावर जरूर बोला. पैसे घेणाऱ्याचा बचाव ढिसाळ होता हे सांगण्यात काहीच गैर नाही. पण रात्री दोन वाजता वीस वर्षांच्या मुलाच्या फोनवर तू भेकड आहेस असं लिहिण्याचा हक्क कुठल्याही तिकिटासोबत मिळत नाही. माझा धाकटा मुलगा गोलरक्षक आहे, दहा वर्षांचा. गेल्या हिवाळ्यात सकाळी सहाच्या सामन्यात त्याने अगदी ओ’कॉनरसारखाच गोल खाल्ला, स्वतःच्या हातातून. काचेमागे बाकीचे आईबाप एकदम गप्प झाले. मुखवट्याच्या जाळीतून त्याचे डोळे मला दिसत होते. तो बाकाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. तेवढ्यात संघातली एक मुलगी सरकत आली, हातातल्या स्टिकने त्याच्या पायांच्या पॅडवर दोनदा ठोकलं आणि फेस-ऑफला, म्हणजे पुन्हा पक टाकून खेळ सुरू होतो तिथे, परत गेली. या खेळातली ती जुनी रीत आहे. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, बाबा, माझ्यामुळे हरलो का? मी म्हटलं, त्याआधी त्यांच्याकडून सात वेळा पक आपल्या गोलासमोर आला होता, तो कसा आला ते आधी बघू. घरी येईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.

त्या सोमवारी कँटीनमध्ये जिगर नाही असं सगळ्यात मोठ्याने म्हणणारा माझ्या टीममधला सहकारी इथलाच आहे, आजोबांपासून गोफर्सचा, म्हणजे मिनेसोटाच्या संघाचा, भक्त. त्याचा आवाज खरंच भरून आला होता. मी त्याला म्हटलं, चल, तिसरं सत्र पुन्हा बघू, फक्त ते एकच. त्याने नाखुशीनेच फोन टेबलावरच्या डब्याला टेकवून उभा केला. मी पेपर नॅपकिनच्या मधोमध रेघ ओढली, एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला ते, आणि गोलावर फटका गेला की एक काडी. पाच मिनिटांनी पेन त्याने माझ्या हातातून घेतलं. डबा तसाच निवत होता. त्यांच्या बाजूला काड्यांचे गठ्ठे वाढत गेले, आपल्या बाजूला कागद जवळजवळ कोराच राहिला. एका ठिकाणी त्याने व्हिडिओ मागे नेला, पुन्हा पाहिला, पुन्हा मागे नेला. आपल्या डाव्या कोपऱ्यातून पक तिसऱ्यांदा तसाच काचेवर भिरकावला गेला होता आणि तिसऱ्यांदा त्यांच्याच माणसाला मिळाला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. ग्राफच्या गोलापाशी आल्यावर त्याने फोन पालथा ठेवला, नॅपकिनची घडी घातली आणि विचारलं, तो कोपरा मोकळा सोडायला त्यांना कुणी सांगितलं होतं?